मुकादमाच्या कपाटातला शेवट

कवठे येमाईत आजही कुणीतरी तुम्हाला सांगेल की अकिलाच्या पुस्तकानं रंगुबाईचा जीव घेतला. सांगणारा एवढं बोलून मोकळा होतो आणि लगेच कांद्याच्या भावाकडं वळतो. मी त्या गावात अंगणवाडी चालवली. त्या दिवशी जीपमध्ये रंगुबाईचं डोकं माझ्या मांडीवर होतं, त्यामुळं मला ते बोलणं ऐकवत नाही. पुस्तक अगदी निर्दोष होतं असंही मी म्हणणार नाही. त्याचा त्यात हात होताच. पण हात त्या एकट्याचा नव्हता, आणि बाकीचे हात अजून गावात मानानं फिरतात, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अकिला मूळची दौंडची. तिचे वडील महबूबभाई यांचं स्टेशनबाहेर रद्दीचं दुकान होतं. लांब पल्ल्याच्या गाड्या दौंडला बराच वेळ थांबायच्या. प्रवासी वाचून झालेली किंवा वाचता वाचता कंटाळा आलेली पुस्तकं बाकाखाली टाकून जायचे, आणि झाडूवाले ती गोळा करून महबूबभाईंच्या तराजूत आणून ओतायचे. त्यात खुनाची पुस्तकं फार. बंगल्यात एकटी राहणारी देखणी तरुणी, तिच्यावर जीव टाकणारा पण काहीतरी लपवणारा पुरुष, जिन्यावर प्रेत, आणि शेवटी असा धक्का की वाचणाऱ्यानं ताडकन उठून बसावं. अकिलाची शाळा सातवीत सुटली, पण रद्दीच्या ढिगावर बसून तिनं असली पुस्तकं किती फस्त केली याला गणती नाही. दुकानाचा नियम एकच होता, गठ्ठा बांधायच्या आत वाचून संपव. त्यामुळं तिला झपाझप वाचायची सवय लागली. कित्येक पुस्तकांना शेवट नसायचाच. शेवटची पानं कुणीतरी भेळीला वापरलेली असायची. मग ती आपल्या मनानं शेवट जुळवायची.

"माझे शेवट जास्त चांगले असायचे, बाई," ती मला एकदा म्हणाली. "पन ते खरे न्हवते ना."

तिचं लग्न कवठ्याच्या इम्तियाजशी झालं. तो विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचा, सरळ माणूस. लग्नात बापानं भांड्याकुंड्यांबरोबर पोतंभर पुस्तकं दिली. "बहू रद्दी लेके आई," असं सासू मरेपर्यंत म्हणत राहिली. अकिला हसून सोडून द्यायची आणि पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत रचून ठेवायची. तिचा भाऊ अनिस अधूनमधून एस.टी.नं यायचा, तो येताना आणखी आणायचा. बहुतेकांची कव्हरं फाटलेली, त्यामुळं पुस्तकाचं नाव काय हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. माझी आणि तिची घरं समोरासमोर. मला त्या पुस्तकांचा तिटकारा होता. पोरींच्या हातात पाटी नाही आणि ही बाई खून वाचत बसलीय, असं मला वाटायचं. तरी तिच्या ओट्यावर बसलं की मी दोन पानं चाळायचेच, आणि तीन झाली की उठवत नसे.

ही गोष्ट घडली ती नव्वद सालानंतरची, गावात टीव्ही मोजक्या घरांत होता तेव्हाची. आमच्याकडं उन्हाळी कांदा बराखीत भरून ठेवतात आणि पावसाळ्यात भाव बघून बाहेर काढतात. काढला की निवडावा लागतो. सडका फेकायचा, मोठा वेगळा, मध्यम वेगळा, बारीक गोल्टी वेगळी. हे काम बायकांचं. गावाबाहेर एका व्यापाऱ्याचं पत्र्याचं शेड होतं, तिथं सावळाराम हा मुकादम. शेडमध्ये बायका ओळीनं बसायच्या, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. कांद्याचा वास अंगातून, केसांतून, भाकरीतून जात नसे.

अकिलाही तिथं जायची. दुपारच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून ती पुस्तक काढायची. एक दिवस वच्छलाबाई तिला म्हणाली, "मनातल्या मनात काय गिळतीस एकलीच? मोठ्यानं वाच की." वच्छलाबाई म्हणजे हरिबाची बायको. हरिबाच्या बापापर्यंत त्या घरानं मेंढरांमागं सगळा मुलूख पायी तुडवला, मग हरिबानं मेंढरं विकून जमीन धरली. वच्छलाबाईला अक्षरओळख नव्हती, पण गोष्टीचं वेड जबर.

अकिलानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि सुट्टी संपली तरी कुणी उठेना. मग बायकांनी आपसांत ठरवलं की भाबीनं, म्हणजे अकिलानं, वाचायचं आणि तिच्या वाटचा कांदा बाकीच्यांनी निवडायचा. सावड आपल्याकडं नवी नाही. आज मी तुझ्या रानात खुरपते, उद्या तू माझ्या रानात ये. तशीच ही सावड. प्रत्येकीनं आपल्या पाटीतले ओंजळभर कांदे भाबीच्या ढिगात टाकायचे, की संध्याकाळी तिचंही काम पुरं. माझ्या माहितीत एवढी सरळ, कुणाला न लुबाडणारी व्यवस्था त्या गावात दुसरी झाली नाही.

वाचायची तिची रीत होती. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, खुन्याचं बोलणं आणि पोलिसाचं बोलणं एकाच सुरात. आणि पुढचं पान ती आधी कधी वाचायची नाही. ट्रंकेतलं न वाचलेलं पुस्तकच शेडवर न्यायची. "मीबी तुमच्याबरूबरच चालते," म्हणायची. बायका तिच्या तोंडाकडं टक लावून असायच्या, कुठं डोळा लवतोय का, ओठ हलतोय का. काही सापडायचं नाही. खुनी कोण यावर पैजा लागायच्या, तंबाखूच्या चिमटीवर. आपला चेहरा कुणाला वाचता येत नाही याचा अकिलाला अभिमान होता. मी तो पाहिलेला आहे, म्हणून सांगते.

सावळारामनं आधी कुरकुर केली. मग त्याच्या लक्षात आलं की बायका वेळेआधी येतायत, कुणी डोकं दुखतंय म्हणून मध्येच घरी जात नाही, आणि गोष्ट रंगली की हात दुप्पट चालतायत. तो गोड झाला. "भाबी, पावसात पुस्तक नेता-आणता भिजतंय, हितंच कपाटात ठेवत जा," म्हणाला. शेडमध्ये एक पत्र्याचं कपाट होतं, कुलपाचं. अकिलानं विश्वासानं पुस्तक त्यात ठेवलं. पुस्तक संपत आलं तेव्हा कळलं की शेवटची पानं नाहीत. ब्लेडनं सुबक कापून काढली होती.

"ट्रक भरला की पानं," सावळाराम म्हणाला. "आज भरा, आज घ्या. माझं काय म्हननं न्हाई."

त्या दिवशी बायकांनी त्याला शिव्या घातल्या. अशा शिव्या की मी इथं लिहू शकत नाही. आणि शिव्या घालत घालत ट्रक भरला. त्यानं शब्दाप्रमाणं पानं दिली, अकिलानं वाचली, सगळ्या खिदळत घरी गेल्या. मला राग त्याच्यापेक्षा ह्याचा येतो. कुणाला फसवलं गेलं नव्हतं. डोळे उघडे ठेवून सगळ्या त्या खेळात उतरल्या. पुढं हीच वहिवाट झाली. दर पुस्तकाचा शेवट कपाटात आणि कपाटाची किल्ली सावळारामच्या कडदोऱ्याला. बायकांना दांडगाईनं राबवणारे मुकादम मी पुष्कळ पाहिले. हा त्यांच्याच हौसेला जुंपणारा निघाला. पाय दुखतात म्हणून घरी जाता येतं. खुनी कोण हे कळायचं असताना कोण घरी जाईल?

रंगुबाई ही वच्छलाबाईची सून, म्हाळूची बायको. थोरली पोर धनश्री माझ्या अंगणवाडीत होती आणि आता दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सासू-सुना दोघी शेडवर शेजारी बसायच्या. रंगुबाईला गोष्टीत बारीक बारीक दिसायचं. बाकीच्या बायका कोण कुणावर प्रेम करतंय याच्यात अडकायच्या, ही मध्येच म्हणायची, "पर दिवा तर आधीच इझला हुता की," आणि अकिलाला मागचं पान उलटून बघावं लागायचं. पैजेची तंबाखू बहुतेक वेळा तिच्याच पदरात पडायची.

त्या पावसाळ्यात शेडवर जे पुस्तक चालू झालं त्याला कव्हर नव्हतं आणि सुरुवातीचीही पानं नव्हती. थंड हवेच्या गावातला बंगला, त्यात एक तरुण मुलगी. तिचा होणारा नवरा समुद्रात बुडाला म्हणून सगळ्यांनी धरलेलं, आणि तो अचानक परत येतो. तोच हा की दुसरा कुणी? एवढ्यात मुलीच्या काकाचा खून. संशय त्या होणाऱ्या नवऱ्यावर, डॉक्टरवर, ड्रायव्हरवर. घरात एक म्हातारी आत्याही आहे, पण ती चाकांच्या खुर्चीत, कंबरेखाली लुळी, नुसती माळ ओढत बसलेली.

पुस्तक निम्मं झालं आणि अकिलाच्या ध्यानात आलं की हे आपण वाचलेलं आहे. दौंडला, लग्नाआधी, ढिगावर बसून. जिन्यावरच्या बंद पडलेल्या घड्याळाचं वर्णन आलं आणि तिला सगळं आठवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. तिनं पान उलटलं आणि पुढं वाचत राहिली. कुणाला पत्ता लागला नाही.

तिनं तेव्हाच का सांगितलं नाही? मी तिला पुढं विचारलं होतं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर बायका म्हणाल्या असत्या की भाबीला सगळेच शेवट ठाऊक असतात, ही आपल्याला खेळवती. सावड मोडली असती. हे खरं असेल. पण पुरतं खरं नाही. शेवट हातात धरून बसायची चटक सावळारामला लागली होती, तशीच थोडी तिलाही लागली होती. सगळी शेडभर तोंडं आपल्याकडं वळलेली आणि आपल्याला ठाऊक आहे, हे सुख साधं नसतं.

एका दुपारी वाचन चालू असताना रंगुबाईचा हात थांबला. "भाबी, मागं त्या म्हातारीच्या चपला गड्याकडं दिल्या हुत्या न्हवं? चांभाराकडं न्ह्यायला?"

"व्हय, दिल्या हुत्या."

"जी चालत न्हाई तिची चप्पल झिजती कशी?"

शेडमध्ये एकदम हसू फुटलं. लुळी म्हातारी उठून खून करती म्हणे! वच्छलाबाईनं सुनेच्या पाठीत धपाटा घातला. पण रंगुबाई हटली नाही. तिच्या माहेरी बाप, चुलते, सगळे मेंढरांमागं चाललेले. चप्पल कुठून झिजली की माणूस कसा चालतो हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. अकिलाचा चेहरा दगड. ती पुढची ओळ वाचायला लागली.

त्याच आठवड्यात माझ्या नजरेला पडलं की रंगुबाई शेडवर अनवाणी जाते. पाय सुजून चप्पल चढत नव्हती. आठवा महिना लागलेला, तोंडही फुगलेलं. नर्सबाई गावात आल्या तेव्हा मी तिला ओढून नेलं. दाब मोजला आणि नर्सबाईंचा चेहराच उतरला. त्यांनी सांगितलं की हिला शिरूरला मोठ्या डॉक्टरकडं न्या, आजच न्या, फार तर उद्या सकाळी. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं अंधारी येते का विचारलं. रंगुबाई म्हणाली, येती कवाकवा, कांद्यानं येत असंल.

नर्सबाईकडून ती घरी न जाता थेट शेडवर गेली. मी तिच्यामागं. सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "उद्या पहिल्या गाडीनं शिरूर. मी येते बरोबर."

"जाते की बाई. उद्या ट्रक भरतोय. उद्या शेवट हाय. परवा सकाळच्या गाडीनं जाऊ."

"अगं, जीव मोठा की ती म्हातारी मोठी?"

"त्या म्हातारीनं डोस्कं खाल्लंय माझं," ती हसून म्हणाली. सुजलेल्या तोंडावर ते हसू मला बघवलं नाही. मी वच्छलाबाईकडं वळले. ती म्हणाली, "एका दिसानं काय व्हतंय, बाई? थोरलीच्या बारीला मी तिला डाक्तर दावलाबी न्हवता." हे कारणही गावात रोज ऐकायला मिळतं. त्या दिवशी पुस्तक नसतं तर दुसरं काहीतरी असतं, हे मी कबूल करते. पण पुस्तक होतं.

मग मी सावळारामपुढं हात पसरला. "मुकादम, पानं आत्ता द्या. भाबी वाचून टाकेल, ही उद्या मोकळी होईल."

तो कौतुकानं हसला. "बाई, तुमालाबी गोडी लागली म्हनायची! आवं, आमी कुनाला बांधून ठेवलंय का? जायचं तिनं खुशाल जावं. पानं ट्रक भरल्यावर. रीत ती रीत." सगळ्या बायका हसल्या, रंगुबाईही हसली. मी चरफडत घरी आले.

पुढं जे झालं ते मला अकिलानं सांगितलं. पाणी प्यायला दोघी हौदावर गेल्या होत्या. आसपास कुणी नव्हतं. रंगुबाईनं तिचा हात धरला.

"भाबी, खरं सांग. ती म्हातारीच ना?"

"मला काय ठाऊक? पानं मुकादमाकडं हायती."

"तुला ठाऊक हाय. परवा त्या घड्याळापाशी तू दम खाल्लास. म्या बघितलं. कुनाला सांगनार न्हाई म्या. तोंडानं बोलू नको, नुसती मान हलव. म्हंजी मी उद्या येत न्हाई, सकाळच्या गाडीनं जाते बाईंबरूबर."

एवढ्या वर्षांत कुणाला न वाचता आलेला चेहरा त्या बाईनं वाचला होता. अकिला म्हणते, मला त्याचाच राग आला. तिनं मान हलवली नाही. "मला ठाऊक न्हाई," असं पुन्हा म्हणाली, आणि चेहरा तोच ठेवला, दगडाचा.

"मंग उद्या यावंच लागंल," रंगुबाई म्हणाली आणि ओल्या हातानं पदर सावरत आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली. दुपारी जेवणं झाल्यावर, ट्रकमध्ये गोण्या चढत असताना, रंगुबाई बसल्या जागी ताठ झाली आणि कांद्याच्या ढिगावर आडवी पडून झटके द्यायला लागली. मला कुणीतरी बोलावून आणलं. इम्तियाज धावत जाऊन जीप घेऊन आला. आम्ही तिला मागच्या बाकावर घातलं. मी, वच्छलाबाई आणि म्हाळू. तिच्या केसांत कांद्याची टरफलं होती, ती मी सबंध रस्ताभर काढत होते, दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं. मलठणच्या पुढं तिला आणखी एक झटका आला आणि मग ती शांत झाली. शिरूरच्या डॉक्टरांनी नुसतं बघितलं. पोटातलं पोर तिच्याबरोबरच गेलं.

इकडं शेडमध्ये ट्रक उभा होता. तो बायकांनी भरला. पुन्हा सांगते, त्यांनी तो भरला. माल सुटला पाहिजे, असं सावळाराम म्हणाला आणि रडत रडत त्यांनी गोण्या शिवल्या. ट्रक हलल्यावर त्यानं कपाट उघडलं आणि पानं अकिलापुढं धरली. शब्दाचा पक्का माणूस.

तिनं ती घेतली नाहीत, असं मी लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं घेतली. सवयीनं हात पुढं झाला, ती म्हणते. घरी येऊन तिनं ती चुलीत घातली.

ह्यानंतर अकिलानं जी चूक केली ती तिच्यासारखीच बाई करू जाणे. तिच्या सगळ्या पुस्तकांत शेवटी एक प्रसंग यायचाच. सगळ्यांना एका खोलीत जमवायचं, आणि जे घडलं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. खरं बोललं की पोलीस टोपी घालतो, दार उघडतं, उजाडतं, गोष्ट संपते. अकिलाला वाटलं की जगातही तसंच असतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी हरिबाच्या ओसरीवर बायका-बाप्ये बसले होते. सावळारामही होता, मान खाली घालून सगळ्यांत पुढं बसलेला. अकिला आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि वच्छलाबाईला म्हणाली, "मावशी, मला शेवट ठाऊक हुता. रंगीनं मला इचारलं हुतं. म्हनली, मान हलव, मंग मी उद्या येत न्हाई. म्या हलवली न्हाई."

मी तिला खेचून घरी न्यायला उठले, पण उशीर झाला होता. ओसरीवरच्या माणसांना नेमकं हेच हवं होतं. रंगुबाई का मेली याला त्या क्षणापर्यंत फार कारणं होती. डॉक्टर लांब, गाडी नाही, सासूनं नेली नाही, नवऱ्यानं विचारलं नाही, मुकादमानं पानं अडकवली. आता एकच उरलं, आणि ते आपणहून चालत येऊन दारात उभं राहिलं होतं. सावळारामनं पहिल्यांदा मान वर केली. "काय बाई तरी," तो हळहळून म्हणाला, "पुस्तकापायी पोरीचा जीव घालवला." लगेच कुणीतरी म्हणालं की त्या लोकांचं असंच असतं. त्या लोकांचं म्हणजे कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या इम्तियाजच्या घराशी ज्यांचा मोहरमचा मलिदा आणि दिवाळीचा फराळ होता, ती माणसंही खाली बघत बसली. मी ओरडले, सावळारामला नाही नाही ते बोलले. हरिबानं हात जोडले, "बाई, घरात सुतक हाय, आवाज नको." पुस्तकात अशा वेळी कथा संपते. अकिलाची तिथून सुरू झाली.

वच्छलाबाईनं धनश्रीला उचललं आणि ती आत गेली.

अकिला शेडवर जायची बंद झाली. तिला कुणी नको म्हटलं नाही, पण तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. इम्तियाजच्या दुकानातली गिऱ्हाइकंही काही दिवस तुटली, मग जळलेल्या मोटारींनी ती परत आणली. म्हाळूनं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. धनश्रीला आजीनं सांभाळलं. अनिसनं दौंडहून आणलेली पुस्तकं अकिलानं एकदा परत पाठवली, पण ट्रंकेतली ठेवली.

आणि एका आठवडी बाजाराच्या दिवशी वच्छलाबाई तिच्या ओट्यावर येऊन बसली. डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "ट्रंक काढ."

अकिलानं ट्रंक ओढली. वच्छलाबाईनं आत हात घालून एक पुस्तक उचललं, कुठलंही. ते तिच्यापुढं टाकलं.

"शेवट सांग."

अकिला गोंधळली. "मावशी, पहिल्यापासनं वाचते की..."

"शेवट सांग म्हनलं न्हवं?"

अकिलानं सांगितला. कुणी मारलं, का मारलं, एका दमात. वच्छलाबाईनं ऐकला, पाटी उचलली आणि गेली. पुढच्या बाजाराला पुन्हा आली. ट्रंक काढ, शेवट सांग. गोष्ट कधीच नाही. कोण मेलं, कोण कुणाचं कोण, काही विचारायची नाही. समोर माझं दार. मी हे वर्षानुवर्षं बघितलं. आधी मला वाटलं म्हातारीला भ्रम झालाय. मग कळलं की तिचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे. तिला शिव्या द्यायच्या नव्हत्या, माफीही द्यायची नव्हती. जे एकदा मिळालं नाही ते ती दर आठवड्याला वसूल करत होती. अकिलानंही कधी चुकारपणा केला नाही. बाजाराच्या दिवशी ती कुठं जायची नाही, आजारी पडली तरी ओट्यावर येऊन बसायची. तिनं स्वतःसाठी वाचायचं मात्र सोडलं. शेवट आधी वाचून ठेवायची, वच्छलाबाईसाठी, आणि पुस्तक मिटायची.

मधल्या काळात गावात केबल आली. सावळारामनं स्वतःचं शेड टाकलं, मोठं, आणि त्यात टीव्ही बसवला. बायका मालिका बघत कांदा निवडायला लागल्या. मालिकेचा शेवट कापावा लागत नाही, ती मंडळी आपणच रोज अर्ध्यावर तोडून देतात. सावळाराम ग्रामपंचायतीत निवडून आला. आरोग्याच्या कार्यक्रमात त्याच्याच हातून मला सत्काराचा नारळ मिळाला. मी तो घरी न नेता वाटेत एका दगडावर ठेवून आले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हरिबा वारला होता, वच्छलाबाई वाकली होती, काठी टेकत यायची. त्या दिवशी तिनं ट्रंकेकडं बोट केलं नाही.

"आज तेच सांग," ती म्हणाली.

"कंचं, मावशी?"

"तेच. रंगीचं."

मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. माझा हात थांबला. अकिलाजवळ ते पुस्तक नव्हतंच, पण तिला पुस्तकाची गरज नव्हती. तिनं पदर डोक्यावर घेतला, आणि शेडवर वाचायची त्याच सुरात, न चढवता, सांगितलं, "ती म्हातारी चालत हुती. लुळी न्हवती. तिनंच मारलं."

"खुर्चीतली?"

"व्हय."

"रंगी म्हनत हुती तसंच?"

"तसंच. चपलांवरनं वळखलं हुतं तिनं. बरूबर हुतं तिचं."

वच्छलाबाई काठीकडं बघत राहिली. बाजारातून परतणारी माणसं मधून जात होती. मग तिनं विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारलं:

"तिला ठाऊकच हुतं, तर मंग थांबली कशापायी?"

अकिलाचा तो दगडाचा चेहरा मी त्या दिवशी फुटलेला पाहिला.

"म्या व्हय म्हनावं म्हनून," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी, मावशी. निस्तं व्हय म्हनावं म्हनून."

 वच्छलाबाई काठी टेकून उठली, पायानं चाचपून चपला घातल्या आणि गेली. पुढच्या बाजाराला अकिलानं सकाळीच ट्रंक ओट्यावर काढून ठेवली आणि वाट बघत बसली. वच्छलाबाई आली नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही आली नाही. तिला बाजारात मी पाहिलं होतं, भाजी घेताना, चांगली धडधाकट. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. अकिला मात्र अजून दर बाजाराला ट्रंक बाहेर काढते, आणि अंधार पडला की पुन्हा आत ओढते.